आमच्या दाजींचे मान्यवर

थोरामोठ्यांच्या संगतीत आमच्या दाजींइतका वावरलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नसेल, असे मी मनापासून मानतो. परदेशी नट्या, राजघराण्यांतल्या विधवा, शर्यतीच्या घोड्यांचे मालक, श्रीमंतांचे झगे शिवून स्वतः श्रीमंत झालेले शिंपी, एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात कुत्रे धरून उभ्या राहिलेल्या लक्षाधीश बायका, अशा शे-दीडशे मंडळींशी त्यांची रोजची उठबस होती. त्यांपैकी एकाचेही नाव दाजींना ठाऊक नव्हते, आणि केज नावाचे गाव जगाच्या पाठीवर आहे हे त्यांपैकी एकालाही ठाऊक असण्याचा संभव नव्हता. पण एवढ्याशा कारणावरून संबंध तोडावेत इतके दाजी कोत्या मनाचे नव्हते.

दाजी म्हणजे माझे थोरले साडू. नात्याने मी त्यांना साडूभाऊ म्हणायला हवे होते. पण माझी पत्नी आपल्या थोरल्या बहिणीच्या यजमानांना दाजी म्हणे, आणि मला स्वतःचे असे काही संबोधन धीटपणे वापरता येईपर्यंत तेच माझ्याही तोंडात बसून गेले. केजला तहसील कचेरीच्या रस्त्यावर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे दुकान, मध्ये फोटो काढायची खोली, मागे अंधारखोली आणि त्याहून मागे संसार, अशी त्याची रचना होती. मी घाटनांदूरच्या शाळेत मराठी शिकवत असे. शनिवारी शाळा सकाळची असल्यामुळे दुपारच्या जीपने निघून मी बरेचदा केजला जाई. दोन्ही साडूंमध्ये बोलण्याची हौस एकालाच होती, आणि ऐकण्याची दुसऱ्याला. त्यामुळे आमचे कधी बिनसले नाही.

त्या थोरामोठ्यांचा मुक्काम चार पुस्तकांत असे. पहिले पुस्तक दाजींना हैदराबादच्या जुन्या बाजारात मिळाले. फोटोचा कागद आणायला गेलेले दाजी कागद न आणता, पाट्याएवढे जड असे एक पुस्तक उपरण्यात गुंडाळून घेऊन आले, आणि पुढचे काही आठवडे केजकरांना फोटोवाचून राहावे लागले. मग हळूहळू आणखी तीन आली. पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर इंग्रजीत काही नावे होती, पण दाजींना इंग्रजी येत नव्हते आणि त्यावाचून त्यांचे काही अडतही नव्हते. त्यांनी आपली नावे ठेवली होती : मोठं पुस्तक, टोप्यांचं पुस्तक, जेवणावळीचं पुस्तक आणि कुत्र्यावाल्या बाईचं पुस्तक. पोथी वाचताना ठेवतात तशा घडीच्या लाकडी बैठकीवर त्यांतले एक नेहमी उघडे असे. हात धुऊन, पुसून, कोरडे झाल्यावरच पान उलटायचे असा दंडक होता. एकदा एका आमदाराच्या भावालाही त्यांनी, "आधी हात दाखवा," असे म्हटल्याचे मी स्वतः ऐकले आहे. त्याने दाखवले.

चित्राखालची इंग्रजी ओळ वाचता येत नसल्याचा एक मोठा फायदा असा, की चित्रातल्या माणसाचे चरित्र दाजींना स्वतःच्या मनाने लिहिता येई. एका पानावर गळाभर मोत्यांची माळ घातलेली कुणी बाई जिन्याच्या कठड्याला रेलून दूर कुठे तरी पाहत होती. दाजी मला सांगत, "हिचं सासर लई तालेवार हाय, गुरुजी. घरात कशाला म्हणून कमी न्हाई. पर माहेराहून सांगावा आलाय आन् नवरा धाडीना. नजर कुठं लागलीय बघा. फाटकाकडं." जेवणावळीच्या पुस्तकात लांबच लांब टेबलाभोवती बसून हसणाऱ्या मंडळींचे एक दुपानी चित्र होते. ते तर दाजींनी पाठ केले होते. "मधी बसलाय त्यो चेअरमन. हिकडचा व्हाइस-चेअरमन. हासायलाय, पर चमचा कसा धरलाय ते ध्यानात घ्या. येत्या इलेक्शनला ह्योच पाडणार त्याला. आन् ही कोपऱ्यातली हाय ना, हिला वाढायचं इसरलेत. मानपान लई वंगाळ असतो, गुरुजी, कुठंबी जा." मी सुशिक्षित माणूस असल्यामुळे तेव्हा मनातल्या मनात हसत असे. पुढे सहकारी संस्थांच्या दोन-चार जेवणावळींना बसण्याचा योग आला, आणि चमचा धरण्याच्या तऱ्हेविषयी दाजींचे म्हणणे मला मान्य करावे लागले.

माझ्या मेहुणीला, म्हणजे अक्काला, या पुस्तकांविषयी काडीचे प्रेम नव्हते. "तुमची ती उघड्या खांद्यांच्या बायांची पुस्तकं," असा त्यांचा उल्लेख ती करी. एका दिवाळीत तिने टोप्यांच्या पुस्तकातल्या तीन बायकांना शिसपेन्सिलीने कोपरापर्यंत बाह्या काढून दिल्या. दुसरा कोणी असता तर घर डोक्यावर घेता. दाजींनी भिंग लावून त्या बाह्या पाहिल्या आणि मला गंभीरपणे म्हणाले, "उजेड बरूबर घेतलाय तिनं. सावलीच्या बाजूला पेन्सिल दाबलीय." बाह्या तशाच राहिल्या.

गिऱ्हाईक स्टुडिओत आले की दाजी त्याला थेट कॅमेऱ्यासमोर कधी बसवत नसत. आधी हात धुवायचे, मग पुस्तक पाहायचे, आणि मग दाजी विचारत, "बोला, कोन व्हायचंय?" या प्रश्नाने भलेभले गांगरत. तालुक्याला कामासाठी आलेला माणूस, त्याला अर्जावर चिकटवायला एक टिकलीएवढा फोटो हवा असायचा. त्याने आपण कोण व्हावे याचा विचार घरून निघताना केलेला नसे. तो आपला, "कोनी न्हाई, हाय तसाच काढा," असे पुटपुटे. त्यावर दाजी कीव आल्यासारखे पाहत आणि म्हणत, "हाय तसं कुनीच नसतं, भाऊ." असाच एक तरुण नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढून गेला. फोटोत तो डाव्या खांद्यावरून मागे वळून, पापण्या अर्ध्या मिटून, कुणाची तरी वाट पाहत होता. अर्ज परत आला आणि त्यावर लाल शाईने शेरा होता : 'अर्जदाराने समोर पाहावे.' तरुण भांडायला आला. दाजींनी त्याला दुसरा फोटो समोर पाहताना काढून दिला. पण आधीचा त्याने परत केला नाही. पुढे मुलगी पाहायला जाण्याआधी त्याने तोच पाठवल्याचे कळले, आणि लग्न जमले.

लग्नसमारंभांत मात्र दाजींमुळे घोटाळे होत. कुत्रे मिळेना म्हणून एका नवऱ्या मुलाच्या आईच्या कडेवर त्यांनी शेळीचे करडू दिले होते. पंगत बसली की त्यांना जेवणावळीचे पुस्तक आठवे. ते बाकावर चढून ओरडत, "घास खाली ठिवा. गिलास वर करा. आता कुनीतरी इनोद केलाय असं हासा." भात निवून जाई, आणि व्याही लोक तोंडाने हसत व डोळ्यांनी दाजींना शिव्या देत.

हे सारे गमतीचे वाटेल, पण दाजींच्या कामाला एक विलक्षण शिस्त होती. काढलेला प्रत्येक फोटो ते दोन पेट्यांपैकी एकीत टाकत. एका पेटीवर रंगाने 'गिऱ्हाईक' असे लिहिले होते व दुसरीवर 'मान्यवर'. कुठला फोटो कोणत्या पेटीत जाणार, हे त्या माणसाच्या हुद्द्यावर मुळीच ठरत नसे. "उजेड बसला का न्हाई," एवढाच त्यांचा निकष. उजेड बसणे म्हणजे काय, हे त्यांनी मला अनेकदा समजावले व मला ते अनेकदा समजले नाही. पुस्तकातल्या माणसांच्या चेहऱ्यावर तो बसलेला असतो, आपल्याकडे क्वचित बसतो, आणि कुणावर बसेल हे आधी सांगता येत नाही, इतकेच मी समजलो. परिणाम असा, की तहसीलदार, दोन आमदार आणि सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन हे सर्व 'गिऱ्हाईक' पेटीत पडून होते. आणि 'मान्यवर' पेटीत चिंचा विकणारी एक म्हातारी, एस.टी.चा एक कंडक्टर, मांडीवर बोकड घेतलेला एक आजोबा, एका स्टुलावर पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन जावा आणि ऊसतोडीला जाणारी बरीचशी माणसे होती.

ऊसतोडीच्या टोळ्या दसऱ्यानंतर जिल्हा सोडून जातात. जाण्यापूर्वी पुष्कळ नवरा-बायको दाजींकडे फोटो काढून घेत. तो घरी म्हाताऱ्यांजवळ आणि लेकरांजवळ ठेवून जाण्यासाठी. वर्षातले सहा महिने त्या घरांत आईबापाच्या जागी दाजींचे फोटो असत. त्यामुळे या फोटोंत ते जीव ओतत. ज्या वर्षाची हकिगत मला सांगायची आहे, ते लागोपाठच्या दुष्काळाचे दुसरे वर्ष. फोटो छापल्यावर तो वाहत्या पाण्यात चांगला धुवावा लागतो, नाही तर औषध आत राहते आणि चेहरे वर्षभरात पिवळे पडतात. पण प्यायलाच पाणी टँकरचे, तिथे चेहऱ्यांना कुठून आणायचे? दाजी दर तिसऱ्या दिवशी आंघोळ करू लागले आणि वाचलेले पाणी अंधारखोलीत नेऊ लागले. अक्काच्या आणि त्यांच्या भांडणाचा तोच एक विषय उरला. शेवटी त्यांनी दारावर पाटी लावली : 'फोटोस एक घागर.' लोक आपापली घागर घेऊन येऊ लागले. फोटो काढून झाला की पाणी अंधारखोलीतल्या टाकीत ओतायचे आणि रिकामी घागर घेऊन जायचे.

त्या वर्षी गया नावाची एक ऊसतोड बाई केजजवळच्या एका वस्तीवरून अशीच डोक्यावर घागर आणि हातात कोयता घेऊन आली. सोबत नवरा होता, पण तो लाजून दुकानाच्या बाहेरच थांबला. तिने हात धुतले, मोठे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश पाहिले, आणि मिटून टाकले.

"कोन व्हायचंय?" दाजींनी विचारले.

"ह्यातलं कुनीच न्हाई," गया म्हणाली. "ह्या समद्या कुनीतरी बघावं म्हणून उभ्या हाईत. मला कशापायी उभं करायलाव तसं? माझी लेकरं माझ्याकडं बघणार हाईत, मी त्यांच्याकडं बघणार."

दाजींनी पुस्तक उचलून बाजूला ठेवले. त्यांनी काहीच सुचवले नाही. तिने खांद्यावर कोयता घेतला, हनुवटी वर केली आणि कॅमेऱ्यात असे पाहिले, की मी तिथून दोन हात बाजूला उभा असूनही चप्पल नीट केली. छापलेला फोटो टाकीतून काढून दाजींनी उजेडात धरला. "बसला," एवढेच ते म्हणाले.

दाजींच्या मनात एक इच्छा होती, आणि ती त्यांनी बायकोला व मला सोडून कोणाला सांगितली नव्हती. आपण काढलेल्या फोटोंचे, गुळगुळीत कागदाचे, जाड पुठ्ठ्याचे एक पुस्तक व्हावे. आणि त्यावर आपले नाव असावे. ही गोष्ट केजसारख्या गावी बसून विमान बांधण्याइतकीच शक्य होती. पण पुढच्या उन्हाळ्यात चेअरमनसाहेबांचा निरोप आला. कारखान्याला पंचवीस वर्षे होत होती. ऊस वाळून गेल्यामुळे गाळपाची आशा नव्हती. तरी सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत रौप्यमहोत्सव दणक्यात करायचा आणि त्या वेळी एक देखणी स्मरणिका काढायची, असे मंडळाने ठरवले होते. मजकुराचे काम माझ्याकडे आले आणि छायाचित्रांचे दाजींकडे. पहिल्या पानावर 'छायाचित्रे' म्हणून दाजींचे नाव मोठ्या अक्षरांत येणार होते, आणि कागद गुळगुळीत असणार होता. त्या दिवशी त्यांनी मला दोनदा चहा पाजला, आणि दोन्ही वेळा साखर घालायला विसरले.

संचालकांचे फोटो काढण्याचे काम आठवडाभर चालले. साखर, ऊस, सोसायट्या यांत मुरलेली ही वजनदार माणसे दाजींपुढे हात धुऊन रांगेत बसली. दाजी एका वयस्क संचालकांना सांगत होते, "साहेब, मान खाली, डोळे वर. असं समजा का तुमाला समदं म्हाईत हाय, पर तुमी सांगत न्हाई." ते म्हणाले, "आरं, तेच करत आलोय की पंचवीस वर्सं." दाजींनी मेहनत घेतली, दिवे हलवले, पडदे बदलले. पण प्रत्येक वेळी टाकीतून फोटो काढून पाहत, आणि सुकायला लावत. हे फोटोही घागरींच्या पाण्यातच धुतले गेले. संचालक जीपमधून आले होते आणि घागर कोणीच आणली नव्हती. शेवटी सगळे फोटो 'कारखाना – संचालक' असे लिहिलेल्या पाकिटात भरून दाजींनी ते टेबलावर ठेवले. मी म्हटले, "चांगले आलेत, दाजी." ते म्हणाले, "चांगले हाईत. बसला न्हाई कुनावरच." त्याच टेबलावर दुसरे एक पाकीट होते. पेटीतले निवडक फोटो त्यात होते, आणि त्यावर लिहिले होते 'मान्यवर'. ते कारखान्याच्या कामाचे नव्हते. रोज एकदा काढून पाहायचे आणि परत ठेवायचे, एवढ्यासाठीच ते तिथे असे.

यानंतरच्या आठवड्यात आम्ही दोघे तलवाड्याला एका लग्नाला गेलो. त्याच दिवशी कारखान्याचा कारकून जीप घेऊन केजला आला आणि 'मान्यवरांचे फोटो द्या' म्हणाला. घरात अक्का एकटी होती. तिने टेबलावरचे एक पाकीट उचलून त्याच्या हातात दिले. कारकुनाने ते तसेच औरंगाबादच्या छापखान्यात पोचवले. माझ्याकडे तपासायला आलेल्या मजकुरात चित्रांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी होत्या, आणि चौकटीखाली नावे. मी त्या नावांचे ऱ्हस्वदीर्घ अतिशय काळजीपूर्वक तपासून दिले. छापखान्याच्या मालकाने यादीच्या क्रमाने चौकटींत फोटो बसवले. पुढे तो म्हणाला, "मला काय माहीत? मला वाटलं, बीडकडचे कारखाने फार पुढारलेले दिसतात." संचालकांचे पाकीट पुस्तकांच्या थप्पीखाली सरकले होते; ते नंतर सापडले. तोवर दाजी समजून होते की ते गेले, आणि मान्यवरांचे पाकीट कुठे दिसत नाही म्हणून घरभर शोधत होते.

सभेच्या दिवशी कारखान्याच्या मैदानात मांडव घातला होता. मागे चिमणी धुराविना उभी होती. स्मरणिकेची लाल फीत सुटली, टाळ्या झाल्या, आणि पहिल्या रांगांत प्रती वाटल्या गेल्या. चेअरमनसाहेबांनी आपली प्रत उघडली. फोटोंच्या पहिल्याच गुळगुळीत पानावर, खांद्यावर कोयता घेतलेली गया त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पाहत होती. आणि तिच्याखाली छापले होते : 'कारखान्याचे शिल्पकार, मा. चेअरमनसाहेब.' पुढच्या पानावर व्हाइस-चेअरमन म्हणून बोकडवाले आजोबा होते. कार्यकारी संचालकांच्या जागी त्या दोन जावा. सोळाच्या सोळा पानांवर दाजींच्या पेटीतली माणसे, एकाहून एक तेजस्वी, आणि खाली संचालक मंडळाची नावे, एकही चूक नसलेल्या शुद्धलेखनात.

व्यासपीठावर पाने भराभर उलटली गेली. मग मांडवाच्या मागच्या अंगाला, जिथे सभासद शेतकरी बसले होते, कोणी तरी मोठ्याने म्हणाले, "आरं, इलेक्शन कवा झालं बे? आमाला सांगितलंबी न्हाई!"

दुसरा ओरडला, "झालं ते बरं झालं म्हण! ही बाई तरी डोळ्याला डोळा देती."

हशा पुढे सरकत सरकत पहिल्या रांगेपर्यंत आला. चेअरमनसाहेबांनी पुस्तक मिटले आणि वीस मिनिटे भाषण केले. पुस्तकाचे नावही काढले नाही. माणूस पक्का होता.

सभा संपल्यावर आम्हा दोघांना त्यांच्या खोलीत बोलावले. कारकून कोपऱ्यात घाम पुसत उभा होता. चेअरमनसाहेब आवाज न चढवता बोलले, आणि त्याचीच मला अधिक भीती वाटली.

"पाकीट कुनी दिलं?"

"साहेब, मी गेलतो तवा घरी..." कारकुनाने सुरुवात केली.

"मी दिलं," दाजी म्हणाले. "मपल्या हातानं."

मी त्या दिवशी तलवाड्याला त्यांच्या शेजारी बसून जेवलो होतो. मी मान वर केली, दाजींनी माझ्याकडे पाहिले नाही, आणि मी मान खाली घातली. चेअरमनसाहेब काही खुळे नव्हते. त्यांनी कारकुनाकडे पाहिले, मग दाजींकडे, आणि जरा मऊ होऊन म्हणाले, "हे बघा, फोटोग्राफर, घरच्यांकडून झालं असंल तर तसं सांगून टाका. बायामाणसाची चूक, आमी समजून घेऊ. लोकांनाबी तेच सांगू. हे फोटो फाडून दुसरे लावू. पुस्तक तुमचंच ऱ्हाईल, नावबी तुमचंच."

दाजींना जन्मभर जे हवे होते, ते एका वाक्याच्या अंतरावर होते. वाक्य खरेच होते; त्यात खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. मला वाटले, ते बोलतील. त्यांनी आपल्या बोटांकडे पाहिले. औषधाने त्यांची नखे कायमची तपकिरी झाली होती.

"न्हाई साहेब," ते म्हणाले. "चारचौघांत तिला हासतील लोकं. मीच दिलं."

नवी स्मरणिका दिवाळीत निघाली. फोटो लातूरच्या कुणी तरी काढले, आणि पहिल्या पानावर त्याचे नाव आले. जुन्या प्रतींतली सोळा पाने फाडून गोदामात टाकली होती. साखर नसल्यामुळे गोदामात जागा भरपूर होती. दाजी पुन्हा चेअरमनसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, "रद्दी नेऊ का, साहेब?" ते म्हणाले, "न्या. पर जिल्ह्यात कुठं दिसता कामा न्हाईत." दाजींनी मान डोलावली. टेम्पोभर पाने त्यांनी शाळेची हजेरीपुस्तके बांधणाऱ्या बाइंडरकडे नेली. जाड पुठ्ठा लावून घेतला. बाइंडरने विचारले, "खालची नावं कापू का?" दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. त्यांचंबी मन मोडाया नको." पुठ्ठ्यावर कोणाचे नाव घालायचे, हेही त्याने विचारले. "काई नको. आत हाईत की समदे."

दिवाळीपूर्वीच, दसरा झाल्यावर, टोळ्यांचे ट्रक निघाले. दाजी रस्त्याच्या कडेला गठ्ठे घेऊन उभे होते. कोल्हापूरकडे, सांगलीकडे, कर्नाटकाकडे जाणाऱ्या प्रत्येक ट्रकमध्ये त्यांनी पुस्तके वर दिली. शब्द दिल्याप्रमाणे ती सगळी जिल्ह्याबाहेर गेली. गयाने ट्रकच्या फाळक्यावरून वाकून आपली प्रत घेतली, पहिले पान उघडून खालची ओळ नवऱ्याकडून वाचून घेतली, आणि म्हणाली, "दादा, चेअरमनला काम काय असतं ओ?" दाजी म्हणाले, "बसून ऱ्हायचं." ती म्हणाली, "मग ह्ये आपलं न्हाई." ट्रक हलला.

कारखान्याचे काम दाजींना पुन्हा कधी मिळाले नाही, आणि त्याबरोबर सोसायट्या, बँका, पतसंस्था यांचीही दारे मिटली. गाव तसे लहान असते. पुढे रंगीत फोटो आले, मग मोबाईल आले. अंधारखोलीत अक्काने धान्याच्या कोठ्या ठेवल्या. लोक आता दिवसातून दहा वेळा स्वतःचाच फोटो काढतात आणि खांद्यावरून वळून पाहतात. मला वाटे, दाजींना याचा आनंद होईल. पण ते नातवंडांचे फोटो बघून म्हणत, "घाई लई हाय ह्यांला. उजेडाला बसाया येळच देत न्हाईत." गेल्या श्रावणात ते गेले. शेवटचे काही महिने त्यांना नीट दिसत नव्हते. तरीही हात धुऊन ते पुस्तकाची पाने उलटत आणि जेवणावळीतल्या मंडळींची खुशाली अक्काला सांगत.

मी लिहायला फार उशिरा लागलो, निवृत्त झाल्यावर. धीटपणा मला जन्मतः कमी, आणि ज्यांच्याविषयी लिहावे अशी माणसेही मला निघून गेल्यावरच नीट दिसतात. दाजींविषयी काही लिहावे, म्हणून मध्यंतरी मी अक्काकडे गेलो. मनात एक गोष्ट इतकी वर्षे खुपत होती. त्या खोलीत मी गप्प राहिलो होतो, आणि दाजींनी कुणासाठी काय सोडले, हे अक्काला कधी कळलेच नव्हते. आता तरी ते तिला कळावे असे मला वाटले. पुष्कळ आडवळणे घेत मी तिला ती हकिगत सांगितली : चेअरमन काय म्हणाले, आणि दाजी काय म्हणाले. "तुमच्याकडून चुकून पाकिटाची अदलाबदल झाली," मी म्हटले, "पण त्यांनी तुमचं नाव येऊ दिलं नाही."

अक्का चुलीजवळ बसली होती. गॅस असूनही चहा ती चुलीवरच करते. तिने फुंकणी खाली ठेवली.

"चुकून कसं व्हईल, गुरुजी?" ती म्हणाली. "मी सातवी शिकलेय. दोन्ही पाकिटांवर नावं होती की."

मी चुलीजवळ सरकलो.

"रोज सकाळी उठून ते पाकीट काढायचे, बघायचे, ठिवायचे. माणूस देव बघत न्हाई तसं. आन् छापाया कुणाचे द्यायचे, तं त्या जाड्याजुड्यांचे. जीपवाला म्हणला, मान्यवरांचे द्या. मी म्हणलं, घे." तिने चहा गाळला. "वाटलं, एकडाव छापून आल्यावर कोन काय करतंय. पुस्तक त्यांच्या हातातून जाईल, हे मला काय ठावं?"

"दाजींना हे माहीत होतं?"

"त्यांनी कधी इचारलं न्हाई. मी कधी सांगितलं न्हाई." तिने तोंड निखाऱ्यांकडे वळवले. मला वाटले, ती रडते आहे; म्हणून मी संकोचाने बाहेर पाहू लागलो. मग कपाचा आवाज आला, आणि वळून पाहतो तो तिने पदर तोंडाला लावला होता आणि तिचे खांदे हलत होते.

"पर काईबी म्हणा, गुरुजी," ती हसू आवरत म्हणाली, "गया शोभली बघा त्या जागेवर."